गवतावरचे पिवळे चौकोन

सुट्टीच्या सुरुवातीलाच तंबूंच्या तळाच्या गेटवर उभ्या माणसानं तिचा बिस्किटांचा पुडा फोडला, बिस्किटं एका स्टीलच्या डब्यात ओतली आणि रिकामं वेष्टन घडी घालून तिच्याच हातात ठेवलं.

“जे आणलं ते परत न्यायचं,” तो म्हणाला. “आणि इथलं काही न्यायचं नाही. पान नाही, दगड नाही.”

“दगड कशाला नेईन मी? कुणाच्या डोक्यात घालायला?”

तो हसला नाही. त्यानं फक्त तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ... आणि गेट उघडलं.

हे सगळं ताईचं कारस्थान. हॉटेल परवडत नाही म्हणून तिनं कुठूनतरी हा तळ शोधून काढला होता. टेकडीखाली मोकळं कुरण, भाड्यानं तंबू, आंघोळीला मोजून एक बादली, भांडी घासायला राख. “स्वस्तात सुट्टी, आणि निसर्गालाही त्रास नाही!” असं ताई साऱ्या जगाला सांगत सुटली होती. त्रास व्हायचा होता तो धाकट्या बहिणीला. ही बिचारी वर्षभर शिवणाच्या दुकानात वाकून लोकांच्या पँटी आखूड करणार, चेन बदलणार. सुट्टीत तिला हवं होतं एकच, उशिरापर्यंत झोप.

आणि दुसऱ्या दिवशी उजाडतंय न उजाडतंय तोच तंबूबाहेर आवाज. “मॅडम, उठा. तंबू हलवायचाय.”

“आत्ता? कशासाठी?”

“खालचं गवत गुदमरतं.”

ती डोळे चोळत, विस्कटलेले केस सावरत बाहेर आली. दव पायांना झोंबत होतं. समोर हा उभा. धुतलेला शर्ट, भांग नीट पाडलेला, हातात खुंट्या ठोकायचा लाकडी हातोडा. रोज सकाळी प्रत्येक तंबू हलवायचा, असा इथला नियम होता. गवत गुदमरतं म्हणे! माणसं झोपेवाचून मेली तरी चालतील. तिनं त्याचं नावच ठेवून टाकलं, गवतवाला.

रोज तेच. तो यायचा, हातोड्यानं नवी जागा दाखवायचा, ती कुरकुरत खुंट्या उपटायची. तो ठोकायला वाकला की त्याच्या मानेवर चिकटलेली गवताची काडी दिसायची आणि ती हळूच काढून टाकावीशी वाटायची. मग तिला स्वतःचाच राग यायचा. काय म्हणावं या डोक्याला!

एका दुपारी तिच्या तंबूची शिवण उसवली. तो सुई-दोरा घेऊन बसला आणि असे काही टाके घालायला लागला की तिला बघवेना.

“द्या इकडे! पोतं शिवताय का?”

“मॅडम, तुम्ही पाहुण्या—”

“मॅडम म्हणू नका हो. कापड धरा. घट्ट. अहो, कापड! माझी बोटं नाही!”

त्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. कानापर्यंत लाल. ती मान खाली घालून शिवत राहिली, पण हसू काही दाबलं जाईना.

तिच्या गळ्यात मापं घ्यायची टेप होती. तो म्हणाला, “सुट्टीतही?”

“सवय. ही नसली की मान रिकामी वाटते. समजा इथेच विसरले, तर काय कराल? फेकून द्याल?”

“विसरलेलं ज्याचं त्याला नेऊन देतो मी. एकदा एका आजोबांचा मोजा द्यायला दिवसभर बसनं गेलो होतो.”

“एक मोजा?”

“दुसरा त्यांच्याकडे होता ना.”

ती खो खो हसली. तोही पहिल्यांदाच हसला, आणि हसताना इतका छान दिसला की तिनं नको तिथे गाठ मारली.

“टाके छान आहेत,” उठताना तो म्हणाला. बस्स, एवढंच! तिला वाटलं होतं... जाऊ दे, काय वाटलं होतं ते.

शेवटच्या संध्याकाळी ताईनं तिला टेकडीवर नेलं. “खाली बघ जरा.”

तंबूंच्या जुन्या जागा कुरणात पिवळट चौकोन होऊन उमटल्या होत्या. ताई-भावोजींच्या तंबूचे चौकोन झाडाच्या सावलीभोवती फिरत होते. तिचे मात्र उन्हातून सरळ रांगेत निघाले होते, कुरणाच्या टोकाच्या त्या एकुलत्या खोलीकडे. गवतवाल्याच्या.

“अजून थोडी राहिलीस ना, तर थेट त्याच्या उंबऱ्यावर झोपशील,” ताई म्हणाली.

ती तरातरा खाली उतरली. तो नळावर बादली भरत होता.

“हे सगळं गवतासाठी चाललंय का हो?”

तिनं बोट दाखवलं तिकडे त्यानं पाहिलं, आणि पाहतच राहिला. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाची बादली भरून वाहायला लागली.

“तिकडे... सावली बरी आहे.”

“सावली? रोज दुपारी भाजून निघते मी! मग तोंडानं बोलायला काय होतं?”

“नियम आहे,” तो नळ बंद करत पुटपुटला. “पाहुणी इथे उघड्यावर झोपते, माझ्या भरवशावर. तिला असलं काही बोलायचं नाही. गेटच्या आत तरी नाही.”

“कुणाचा नियम?”

“माझाच.”

तिनं कपाळावर हात मारला. रागवावं तर माणूस इतका सरळ. न रागवावं तर सकाळी बस! आत आहे तोवर हा बोलणार नाही, बाहेर पडली की भेटणार नाही. आणि तिला तर तो आवडून बसला होता, चांगलाच आवडून बसला होता.

सकाळी तो उठवायला आला तेव्हा ती आधीच जागी होती. तंबू उतरवून झाल्यावर तिनं गळ्यातली टेप काढली, एका खुंटीला नीट गुंडाळली आणि मागे न बघता चालू लागली. दुकानाचं नाव-पत्ता टेपवर छापलेलाच होता. मोज्यासाठी दिवसभर बसनं जाणारा माणूस टेपसाठी येईलच की!

बस सुटली, आणि मागून आरोळी आली. “ओ ड्रायव्हर! थांबा!”

गवतवाला धावत येत होता, हातात टेप फडफडत होती. बस थांबली. तो धापा टाकत तिच्या खिडकीशी आला.

“ही... राहिली होती.”

तिचा तिळपापड झाला. “अहो, आत्ता नका देऊ! राहिली नव्हती, ठेवली होती! मुद्दाम! नंतर घेऊन यायची असते, त्या मोज्यासारखी! एवढंही कळत नाही?”

अख्खी बस वळून बघायला लागली. भावोजींनी टोपी तोंडावर ओढली. तो आधी टेपकडे बघत राहिला, मग तिच्याकडे, मग मागे लांब राहिलेल्या गेटकडे.

“आपण गेटच्या बाहेर आहोत,” तो हळूच म्हणाला.

“मग?”

“मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. डोक्यात दगड घालायला निघाला होतात ना, तेव्हापासून.”

तिचे डोळे भरून आले.

“इतकं सोपं होतं,” ती कशीबशी म्हणाली, “आणि मला उन्हात भाजत ठेवलंत!”

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. त्यानं टेप नीट गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवून दिली.

“दुकान कधी उघडतं?”

“दुकानाच्या वरच राहते मी. रविवारी घरी या. मलाही तुम्ही आवडता, कळलं? पण ऐका—” बस हलली, तशी ती खिडकीतून अर्धी बाहेर झुकून ओरडली, “उजाडता उजाडता आलात, तर दार उघडणार नाही!”