दुसरीचं हसू

दातांच्या दवाखान्याच्या जिन्यात अचानक दिवे गेले आणि मी थेट कुणावर तरी आदळले.

"सांभाळून," अंधारातून आवाज आला. "हातात कुणाचे तरी दात आहेत."

मी हसले... तोंडावर हात ठेवून. स्कूटरवरून पडून पुढचे दात तुटल्यापासून ती सवयच जडली होती.

तो तिथला कारागीर. मागच्या खोलीत बसून व्हेनियर घडवायचा, म्हणजे दातांवर चिकटवायचे पोर्सेलिनचे पापुद्रे. डॉक्टरीणबाईंनी मला दोन प्रकार सांगितले होते: साच्यात दाबलेले, टणक, नाहीतर हाताने थर चढवलेले, नाजूक.

"तुम्ही कुठले घ्याल?" दिवे आल्यावर मी विचारलं.

"थरांचे. उजेड झिरपतो त्यांतून, अगदी खऱ्यासारखा. फक्त... चावायचं जपून."

"कुणाला?"

त्याचे कान लाल झाले. मग प्रत्येक खेपेला मी उगाचच त्याच्या खोलीत डोकावू लागले.

एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याने केलेला नमुना माझ्या दातांवर बसवला. आरशातली बाई छान हसत होती. पण ती मी नव्हते.

बाहेर काउंटरवरच्या मावशींनी मान वर केली. "आलीस का गं? किती दिवसांनी—" आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

मी तशीच मागच्या खोलीत गेले. "कोण होती ती?"

त्याने हातातला ब्रश खाली ठेवला. "आमचं लग्न ठरलं होतं. तापाने गेली. खरं सांगतो, मी तुमचेच दात करत होतो... हात आपोआप तिच्या हसण्याकडे वळला."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ओठ माझे, पण ते आपोआप विलग होत होते. आणि तो बघत होता – त्याने बघावं असं मला कधीचं वाटत होतं, अगदी तसंच. फक्त माझ्याकडे नाही.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "पण तिचे दात लावून नाही."

माझ्या दातांवरून उतरवलेला नमुना त्याने मोडला. मला समोर बसवून, तोंडावरचा हात काढायला लावून, नव्याने थर चढवायला घेतले.

ते बसवल्यावर तो कितीतरी वेळ बघतच राहिला.

"काय झालं?"

"हे हसू... माझ्या ओळखीचं नाही."

"मग करून घ्या की ओळख."

त्याने माझा हात हातात घेतला. मी मनापासून हसले. आरशाकडे बघायचं मात्र टाळलं. तिथे पुन्हा दुसरीच कुणी दिसली तर?