डाव्या सीटवर मांडी घालून

"ओ ताई, ती लाल पोलो चालवणारे दादा कुठं गेले?"

मी चहाचा पेला खाली ठेवला. कोयनानगरची टपरी, डिसेंबरचं कोवळं ऊन, आणि समोर निळा स्वेटर घातलेला एक उंच पोरगा. त्याच्या मागं तसल्याच निळ्या रंगाची आय-ट्वेंटी, एन लाईन. इंजिन नुकतंच बंद झालेलं, अजून टक् टक् करत निवत होतं.

"दादांशी काय काम होतं?"

"काम न्हाई... पाटणपासनं त्यांच्या मागं होतो. लय स्वच्छ चालवली गाडी. एका वळणात उगं ब्रेक न्हाई. म्हटलं, हात मिळवावा."

मी हात पुढं केला.

त्यानं हाताकडं बघितलं. मग बोटात अडकवलेल्या किल्लीकडं. मग माझ्याकडं... आणि त्याचे कान लाल होत गेले.

"आयला."

"आणि ते ताई म्हणालात ना, ते आधी मागं घ्या."

"घेतलं!" इतक्या तातडीनं म्हणाला की मला हसू आलं. मला तर हसायचं नव्हतं. मला राग आला होता. 'दादा कुठायत' हे मी पेट्रोल पंपावर ऐकते, टायरवाल्याकडं ऐकते, टोलनाक्यावर ऐकते. इस्लामपुरात मी बायकांना गाडी शिकवते, स्वतःची शाळा आहे माझी, तरी तिथंही लोक येऊन विचारतात, सर आहेत का?

पण हा पोरगा वेगळं काहीतरी करत होता. शरमला होता, तरी पळत नव्हता.

त्याचं नाव जयराज. कराडला चष्म्याचं दुकान.

"दुसऱ्यांची नजर तपासता," मी म्हटलं, "एकदा स्वतःची पण तपासून घ्या."

"आजच तपासली की. नापास झालो." तो समोरच्या बाकावर बसला. "पण एक सांगू? चालवणारी भारी हाय. गाडी माझीच भारी."

झालं. भांडायला आणखी काय लागतं?

त्याचं म्हणणं, कागदावर त्याच्या इंजिनाची ताकद दहा घोडे जास्त. माझं म्हणणं, घोडे कागदावर पळत नाहीत. त्याची एक्झॉस्ट गुरगुरते. माझ्या गाडीचं स्टिअरिंग हातात खडक धरल्यासारखं घट्ट राहतं. दोन्ही गाड्या पुढच्या चाकावर चालणाऱ्या. म्हणजे ओढायचं पण पुढच्याच चाकांनी आणि वळायचंही त्यांनीच. वळणात ॲक्सिलरेटर लवकर दाबला, की चाकं म्हणतात, आता एकच काम सांगा बाबा, आणि गाडीचं नाक बाहेर पळतं.

"आमच्या घरात आई तशी आहे," मी म्हणाले. "ओढायचं तिनंच, वळायचं पण तिनंच. मागची चाकं नुसती मिशीला पीळ देत येतात."

तो खदखदून हसला. मग "आमच्याकडं आत्या," म्हणाला. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. साळूआत्यानं वाढवलं होतं त्याला.

शेवटी ठरलं, की एकमेकांच्या डाव्या सीटवर बसून बघायचं आणि मग निकाल द्यायचा. आधी माझी गाडी.

इथं एक सांगायला पाहिजे. त्या वर्षी मला बघायला तीन जण आले होते. प्रत्येकाला मी एकच अट घातली. माझ्या शेजारी बसायचं, मी चालवणार. तिघांनीही पहिल्याच वळणात उजवा पाय दणादणा खाली दाबला. जिथं ब्रेक नाही तिथं ब्रेक! तोंडानं म्हणत होते, आम्ही लय पुढारलेले. पाय खरं बोलत होता. तिघांनाही मी घरी पाठवलं. तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रिटायर्ड सुभेदार हंबीरराव यांनी, ऑर्डर काढली. "उसाचा हंगाम संपेपर्यंत तुझी मुदत. मग पोरगा मी ठरवणार. एक स्थळ हाय माझ्या नजरेत, त्यांची अट हाय, पोलो विकायची. आन् मी हो म्हणणार."

म्हणून मी आता रस्त्याबरोबर त्याच्या पायाकडंही बघत होते.

जयराजनं बसताना बूट काढले. बेल्ट लावला. आणि चक्क मांडी घालून बसला, पंगतीला बसावं तसा!

पाटणच्या दिशेनं वळणं सुरू झाली. मी गाडी तिसऱ्या गिअरवर ठेवली, ब्रेक सरळ रस्त्यावरच संपवला, आत वळले, आणि रस्ता उलगडल्यावरच पाय दिला. पोलो रुळावर असल्यासारखी निघाली. शेजारून नुसता एकदा हळूच आवाज आला, "वा..."

ते 'वा' गाडीला होतं की मला, हे मी विचारलं नाही.

मग त्याची गाडी. तो चालवत होता, मी डावीकडं. खरं सांगते, भारी चालवत होता. पण एका आंधळ्या वळणावर समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारं ट्रॅक्टरचं धूड आलं, आणि माझा उजवा पाय दाणकन मॅटवर आपटला.

गाडी आधीच हळू झाली होती. त्यानं ती केव्हाच केली होती.

"तिथं ब्रेक नसतोय माझ्या गाडीला," तो म्हणाला.

माझं तोंड उतरलं. शाळेच्या गाडीला डाव्या बाजूला जादा ब्रेक असतो, माझा पाय दिवसभर त्यावरच. पण ही सबब झाली. ज्या पायासाठी मी तीन माणसं घालवली, तो पाय माझाच निघाला.

"तुमची गाडी वळणात अंग टाकते," मी चिडून म्हणाले. "डोलते नुसती. म्हणून दाबला."

"गाडीचं सांग. भीतीचं नको." तुम्हीवरून तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. मग तो समोर बघतच म्हणाला, "मी मांडी का घातली होती, सांगू? पाय खाली ठेवला असता तर दाबला गेला असता. माझा माझ्यावर भरवसा न्हाई... तुझ्यावर हाय."

तीन जणांनी मला फुशारकी सांगितली होती. भीती पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी कोयना. टायरची हवा, गिअर, ब्रेक, कशावरही भांडण. "अंग टाकते" हे माझं वाक्य मात्र त्याच्या मनात रुतून बसलं होतं, हे मला कळलं ते तो मला मागणी घालायला घरी आला त्या दिवशी.

इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात, घरासमोर एक गतिरोधक आहे. ग्रामपंचायतीत भांडून तो आबांनीच घालून घेतलाय. खास माझ्यासाठी. गुडघाभर उंच. पोलो तिरकी घातली की अलगद उतरते.

मी, आई, आबा दारात उभे. निळी गाडी आली. शहाण्यानं आखूड स्प्रिंगा बसवून गाडी जमिनीला टेकवली होती! आत साळूआत्या, त्याचे काका-काकू, आणि आत्यांच्या मांडीवर पेढ्यांची पेटी.

खर्रर्र! गाडी गतिरोधकाच्या मधोमध अडकली. पुढं जाईना, मागं येईना.

दारं उघडली. काका उतरले. काकू उतरल्या. शेवटी नऊवारीचा घोळ सावरत साळूआत्या उतरल्या, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सातवा! कराडपासनं सातव्यांदा उतरली मी! माझं गुडघं गेलं गं बाई!"

आबांच्या मिशा हलायला लागल्या. "ए पोरा, गाडी हाय का घोरपड रं ती?"

"वळणात अंग टाकत होती म्हणून..." जयराज पुटपुटला.

"कोण म्हणालं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं.

साळूआत्या ओट्यावर टेकल्या. त्यांचं लक्ष अंगणातल्या लाल पोलोकडं गेलं. "पोरी, ती तुझी व्हय?"

"व्हय आत्या."

"घासती?"

"न्हाई आत्या."

"मग ऐका आवं सुभेदार," आत्या आबांकडं वळल्या. "पोरगी यील का न्हाई, ते पोरीनं ठरवायचं. पण आली, तर ही गाडी घिऊनच यायची. मी ह्याच्या गाडीत परत बसणार न्हाई."

समोरून आलेली ऑर्डर आबांना आयुष्यात पहिल्यांदाच ऐकावी लागत होती. "ठीक हाय," एवढंच म्हणाले.

चहा झाल्यावर रीतीप्रमाणं आम्हाला बोलायला बाहेर पाठवलं. "एक फेरी मारून या." सगळे जमून बसले, माझ्या उत्तराची वाट बघत.

मी पोलोकडं गेले नाही. निळ्या गाडीचं डावं दार उघडलं.

"ही?" जयराज म्हणाला. "आजच्या दिवशी?"

"बस गुमान."

मघाशी माणसं उतरल्यावर गाडी सुटली होती; आता दोघंच होतो, तिरकी घातली तर गतिरोधक जेमतेम ओलांडला. कारखान्याकडं जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस, हवेत गुऱ्हाळाचा गोड वास. पुढं वळण होतं. आणि वळणावर नेमकी उसाची ट्रॉली.

मी चपला काढल्या. पाय वर घेतले. नव्या साडीची पर्वा न करता सीटवर चक्क मांडी घातली.

त्यानं तिरक्या नजरेनं बघितलं. गाडी आपसूक हळू झाली.

"पाय दुखतोय?"

"नाही. खाली ठेवला तर दाबला जाईल." मी पदर मांडीवर ओढून घेतला. "माझा माझ्यावर भरवसा नाही, जयराज. तुझ्यावर आहे."

ट्रॉली शेजारून गेली. त्याचे कान कोयनेच्या त्या टपरीवर झाले होते तसेच लाल झाले.

"स्प्रिंगा उद्या बदलतो," तो म्हणाला.

"बदल. आणि आता परत जाताना मी चालवणार."

त्यानं गाडी उसाच्या कडेला लावली, खाली वाकला, आणि बुटाची नाडी सोडायला लागला.