उरलेला अर्धा शिक्का

बस स्टँडवरून फोन आला तेव्हा तिकिटं पाण्यात होती. माझी बायको ओक-बुन जुने सरकारी कागद आणायला आंदोंगच्या भंगारवाल्याकडे गेली होती. परतीच्या बसची वाट पाहत बाकावर बसल्या बसल्याच ती गेली. मांडीवर गठ्ठा तसाच होता.

आम्ही दोघं महसुली तिकिटं जमवायचो. टपालाची नव्हे, दाखल्यांवर चिकटवतात ती. आमच्याकडे प्रत्येक जिल्हा आपापली छापायचा. कोमट पाण्यात कागद भिजवून तिकीट सुटं करायचं काम तिचं, वहीत लावायचं माझं. तिकिटावर शिक्का मारताना कारकून तो अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर येईल असा मारतो. त्यामुळे सुट्या तिकिटावर नेहमी अर्धाच शिक्का असतो.

अंत्यविधी उरकून आलो तेव्हा तिकिटं पाण्यात तशीच तरंगत होती. वर्तमानपत्र अंथरून, खालून तापवलेल्या गरम जमिनीवर वाळत टाकली. सकाळी पाहिलं तर प्रत्येक तिकिटावर जुन्या फिकट शिक्क्याच्या बाजूला एक ताजा, लाल शिक्का होता. शाई बोटाला लागली. अर्धंच नाव उमटलं होतं, पण ते ओक-बुनचं होतं.

सहीऐवजी ती वापरायची तो तिच्या नावाचा लाकडी शिक्का मी माझ्या हातानं शवपेटीत ठेवला होता.

खालचं वर्तमानपत्र उचलून पाहिलं. दुसरा अर्धा त्यावर असायला हवा होता. लाल ठिपकासुद्धा नव्हता.

पाण्यामुळे जुनीच शाई फुटली असेल, असं मनाला समजावलं. मग न वापरलेली कोरी तिकिटं काढली, कोरडीच मांडली आणि बाजारात गेलो. परत आलो तर घरात शिक्क्याच्या शाईचा तो एरंडेलासारखा वास भरला होता. तिकिटं पाहायची गरजच नव्हती. तरी पाहिली.

जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातल्या कारकून बांगचा फोन आला. "काका, काकूंच्या मृत्यूची नोंद करून टाका की. दंड झाला तर माझ्या नावानं शिमगा कराल."

"नाही केली तर काय होतं?"

"काय होणार? कागदावर काकू जिवंत, त्यांचा शिक्काही चालू. उद्या तुमचं घर विकून टाकतील!" तो हसला. मग म्हणाला, "माफ करा, काका. जीभ घसरली."

मी शिक्क्यांचे उरलेले अर्धे भाग शोधत राहिलो. भिंती, पांघरुणं, कपाटाच्या मागे. कुठेच नव्हते.

मुलगी हे-रान देगूहून डबे घेऊन आली. "बाबा, किमची अशी उघडी ठेवतात? आई असती तर..." ती थांबली. नंतर माझी कॉलर सारखी करताना म्हणाली, "मानेला काय लागलंय? हलू नका."

ओल्या फडक्यानं ती घासत राहिली. मग तिचा हात थांबला.

"बाबा, हे आईचं नाव आहे. अर्धंच."

"माझा शर्ट पाठीवरून वर कर," मी म्हणालो.

तिनं केला.

"किती आहेत?"

तिनं शर्ट खाली ओढला. "कार्यालयात चला. आत्ताच्या आत्ता."

बांगनं फॉर्म पुढे सरकवला. हे-रान बाहेर गाडीत होती. मी आवाज खाली घेऊन विचारलं, "नोंद झाली की तिचा शिक्का बंद?"

"बंद."

"आणि ती गेल्यावर तो ज्याच्यावर उमटला असेल, त्याचं काय?"

"ती गेल्यावर ना? मग तेही बाद, काका. तसं ठेवता येत नाही." त्यानं मान वर केली. "का? सापडलंय का काही?"

मी फॉर्म भरला. पण खिडकीतून आत दिला नाही. हे-रानला सांगितलं, झालं काम.

पाठीला आता जागोजागी ओल लागते. वास कपड्यांतून जात नाही.

ओक-बुनच्या मृत्यूची नोंद अजून केलेली नाही.