भेंडीवरचा मावा आणि काळ्या अळ्या

दोनदा फवारणी होऊनही भेंडीवर पहिल्यापेक्षा जास्त मावा कसा, हे कोडं अन्विताला सुटेना. पानामागे मोहरीहून लहान हिरवट किडे दाटीवाटीनं रस पीत बसले होते.

"उद्या दोन औषधं एकत्र करून मारू," बाबा म्हणाले. "टिपरू, टाकी भरून ठेव."

टिपरू हा शेतातला यंत्रमानव. गुडघ्याएवढा, सहा पायांचा. "या मिश्रणाची शिफारस नाही," तो म्हणाला. "शिवाय परवा तोडणी आहे. प्रतीक्षा काळ (फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस) पुरा होणार नाही."

"मग पीक माव्याला देऊन टाकू?" बाबांचा आवाज चढला.

सुट्टीवर आलेली मंजिरीआत्या कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचा अभ्यास करणारी) होती. ती म्हणाली, "दादा, आधी फवारणीनं मेलं कोण, ते तर बघू."

टिपरूनं झाडाखालच्या मातीचं चित्र मोठं करून पाठीवरच्या पडद्यावर दाखवलं. लाल ठिपकेदार ढालकिडे उलटे पडले होते. शेजारी काटेरी काळ्या अळ्या.

"या अळ्या वाईट ना?" अन्वितानं विचारलं.

"नाही, ही ढालकिड्याची पिल्लं," आत्या म्हणाली. " मावा खाऊनच वाढतात. यांना परभक्षी कीटक (दुसऱ्या किड्यांना खाणारे) म्हणतात. माव्याचं पिल्लू आठवड्याभरात आई होतं. ढालकिड्याला वाढायला कितीतरी जास्त दिवस लागतात. फवारणीत दोघंही मेले, की वाचलेला थोडा मावा रान भरून टाकतो, कारण त्याला खाणारं कोणी उरत नाही. त्यातही जो औषधाला दाद देत नाही, तोच वाचतो आणि त्याचीच पिलावळ वाढते. ही झाली प्रतिकारक्षमता."

"मग औषध कधीच मारायचं नाही?" बाबांनी विचारलं.

"मारायचं. पण साधे उपाय थकले आणि नुकसान खरंच वाढू लागलं तरच. तेही शिफारशीएवढं, मास्क आणि हातमोजे घालून."

बाबा बांधावर टेकले. मग म्हणाले, "अर्ध्या रानात तुझं ऐकतो. उरलेल्या अर्ध्याचं नंतर बघू."

टिपरूनं माव्यानं लडबडलेले शेंडे खुडले आणि फक्त जास्त किडलेल्या झाडांवर निंबोळी अर्क फवारला. बांधावरच्या चवळीवर कधीच औषध पडलं नव्हतं. तिथे काळ्या अळ्या भरपूर होत्या. आधीच्या औषधाचा जोर ओसरल्यावर अन्वितानं त्या मऊ कुंचल्यानं अलगद उचलून भेंडीवर सोडल्या.

सुरुवातीला काहीच बदललं नाही. बाबा रोज सकाळी टाकीपाशी जाऊन उभे राहायचे. त्यांच्याकडे बघून अन्विताला वाटायचं, आपल्यामुळे पीक गेलं तर?

मग एका सकाळी तिनं पान उलटलं. एक अळी माव्याचा फडशा पाडत होती आणि आजूबाजूला नुसती रिकामी सालं उरली होती.

"या रांगेत फवारणीची गरज नाही," टिपरू म्हणाला. बाबांनी स्वतः वाकून एकेक पान उलटलं. मग टाकी त्यांनीच उचलून खोपीत नेऊन ठेवली.

पलीकडच्या रानातले बापूसाहेब संध्याकाळी बांधावर आले. "तुमची भेंडी सुधारली. आमची अजून माव्यानं भरलीय. कुठलं औषध मारलं?"

बाबांनी अन्विताकडे पाहिलं. तिनं अळ्यांनी भरलेली चवळीची एक डहाळी खुडली, एकही अळी पडू नये म्हणून दोन्ही हातांत धरली आणि बापूसाहेबांच्या रानात पाऊल टाकलं.