श्वासापुरती ओळ

लिफ्टमध्ये एक अनोळखी माणूस माझी ओळ पुटपुटत होता.

हातात छापील कागद, कपाळाला आठी. "ज्यांना चालणार नाही... असे जे नाहीत... त्यातले जे..." इथे तो थांबला आणि त्याने जिना चढून आल्यासारखा श्वास घेतला.

"कुणी लिहिलंय हे? दम घ्यायलाही जागा ठेवली नाही."

"मी," मी म्हटलं.

त्याचे कान लाल झाले. मला ते आवडलं, पण कबूल कोण करतंय! मनातल्या मनात मी त्याचं बारसं उरकलं — श्वासराव.

त्या ओळीचा मला फार अभिमान होता. रक्तपेढीच्या प्रोग्रॅममध्ये हजारो रक्तदात्यांमधून आज कुणाला बोलवायचं, हे ती एका झटक्यात शोधून द्यायची. दुसऱ्या कुणी त्यासाठी पानभर कोड लिहिला असता. माझा स्वभावच तसा. आई म्हणतेच, "तू बोलतेस की तार पाठवतेस?"

पण मी रजेवर असताना एका सहकाऱ्याने त्या ओळीत किरकोळ बदल केला. त्यातले दोन 'नाही' त्याला उलगडलेच नाहीत, आणि नुकतंच रक्त देऊन गेलेल्यांना पुन्हा बोलावणी गेली. आमच्या टीमच्या प्रमुखांना सगळे ताई म्हणतात. त्यांनी बैठकीत फर्मान काढलं, की असल्या आखूड ओळी यापुढे बंद. माझी ओळही काढून टाकायची.

"ताई, बंद कशाला?" कोपऱ्यातून आवाज आला. नव्यानेच रुजू झालेला श्वासराव! "ओळ हुशार आहे. फक्त वाचता येत नाही. उद्यापर्यंत वेळ द्या."

"उद्या मी स्वतः वाचेन," ताई म्हणाल्या. "मी अडले, तर ओळ गेली."

दुपारभर आम्ही एकाच स्क्रीनसमोर बसलो. त्याची रीत विचित्र होती. तो कोड मोठ्याने वाचायचा.

"मी जिथे अडखळेन, तिथे तोडा."

"आणि पानभर लांबवू?" मी नाक मुरडलं. "जमणार नाही."

"लांबवा कुठे म्हणतोय? मोकळी करा. हा 'क्ष' कोण?"

"रक्तदाता."

"मग तसं लिहा ना. बिचारा रक्त देतोय आणि तुम्ही त्याला साधं नावही देत नाही." मग जरा घुटमळून तो म्हणाला, "तुम्हाला... तू म्हटलं तर चालेल? थोडक्यात होईल."

मी हसू दाबत मान हलवली.

दोन 'नाही' काढून मी तिथे एक सरळ 'देऊ शकतो' बसवलं. प्रत्येक काम वेगळ्या ओळीवर आलं. मग तो म्हणाला, एक टीप पण लिही, काय चाललंय ते सांगणारी. "नको," मी म्हटलं. "आता वाच."

"रक्तदात्यांमधून... आज देऊ शकतात ते... जवळचे आधी." तो कुठेच अडला नाही. "खरंच, टीप नको," म्हणाला. मग त्याची नजर माझ्याकडे वळली, ती परत स्क्रीनकडे जाईना. माझ्यावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी चष्मा लावला. मी नखं कुरतडत उभी. त्यांनी सगळं सरळ वाचलं, न थांबता.

"ठेवा. बाकीच्यांनीही असंच लिहा. कुणाची ओळ ही?"

मी त्याच्याकडे पाहिलं. अर्धी मेहनत त्याचीच होती.

"हिची," तो म्हणाला. "मी नुसता अडखळत होतो."

माझी मान ताठ झाली. अभिमान ओळीचा होता, आणि त्याचाही. सांगून टाकते.

जिन्यात मी त्याला गाठलं. "अजून कुठे कुठे अडखळतोस?"

"तुझ्यासमोर..." तो कठड्याशी चाळा करू लागला. "म्हणजे... मला म्हणायचं होतं की... तू आवडतेस, पण ते असं नाही, म्हणजे तसंच, फक्त..."

एरवी मी म्हटलं असतं, मुद्द्यावर ये.

"सावकाश सांग," मी म्हटलं आणि पायरीवर बसले. "मला घाई नाही."

तो शेजारी बसून सांगत राहिला... मध्येच मागे जाऊन, तेच तेच पुन्हा, पार लांबण लावत. आणि त्यातला एकही शब्द मला कापावासा वाटला नाही.