बोट न लावता

“ऊठ गं बाई, ऊठ आता!” असं म्हणत तिनं सर्किटला बोट लावलं आणि नेमका तेव्हाच तो दारात येऊन उभा राहिला. खांद्याला जड पेटी, हातात निथळती छत्री, आणि ओठांवर कसंबसं आवरलेलं हसू.

“चुकीची खोली... की चुकीची वेळ?”

तिचे कान तापले. हा तपासनीस. मोजणारी यंत्रं बरोबर मोजतात का, ते पाहत हिंडणं हे त्याचं काम. आज तिच्या टेबलावरच्या ऑसिलोस्कोपची पाळी होती. त्याच्या पडद्यावर चार लाटा चालल्या होत्या, गुळगुळीत, एकसारख्या, फक्त प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा जराशी मागे. तिच्या सर्किटमध्ये चार टप्पे गोल जोडलेले. प्रत्येक टप्पा लाटेला थोडा उशीर करायचा आणि फिरून तिला पुन्हा पहिल्याकडे पाठवायचा. पाच महिने तिनं त्यापायी जिवाचं रान केलं होतं. पण हे कार्टं आपणहून सुरूच होत नव्हतं! बोट लागलं की चालायचं. आणि तीन आठवड्यांनी साहेबांसमोर चाचणी. बटण दाबायचं आणि हात मागे घ्यायचे. नाही चाललं, तर तिचं डिझाइन कपाटात आणि बाहेरून विकत आणलेला खोका टेबलावर.

“कुणाला सांगू नका हं,” ती म्हणाली.

“मी फक्त आकडे सांगतो. गुपितं नाही.”

जाताना तो म्हणाला, “या ऑसिलोस्कोपच्या तिसऱ्या चॅनलचं मला नीट पटत नाहीये. पुन्हा यावं लागेल.”

पुढच्या गुरुवारी आला. त्याच्या पुढच्याही. घरी वहिनीनं भुवई उंचावली. “एकच यंत्र किती वेळा तपासतो गं तो? की दुसरंच काही तपासतोय?”

“वहिनी, काहीतरीच काय!” ती म्हणाली खरी, पण गुरुवारी केस मात्र दोनदा विंचरले.

तिसऱ्या गुरुवारी तो बराच वेळ तिचं सर्किट पाहत राहिला. “तुम्ही याला अगदी जेवढ्यास तेवढं बळ दिलंय.”

“मग? जास्त दिलं की लाटांची डोकी चपटी होतात.”

“आणि जेवढ्यास तेवढं दिलं की कुणी सुरुवातच करत नाही.” त्यानं पेटीतून तांदळाच्या दाण्याएवढा दिवा काढला. “आधी थोडं जास्त द्या. लाट वाढली की हा तापेल... आणि तिला आवरेल.”

बरोबर होतं ते. तिला लगेच कळलं. आणि हेही कळलं, की सर्किट चाललं, चाचणी झाली, की याला इथे यायचं कारण उरणार नाही. तिला रडूच आलं एकदम. तरी तिनं दिवा जोडला. नीट जोडला.

चाचणीच्या दिवशी तिनं बटण दाबलं, हात पाठीमागे घट्ट धरले. पडद्यावर सपाट रेघ. साहेबांनी घड्याळ पाहिलं. रेघ किंचित थरथरली... मग फुगली... आणि चारही लाटा एकामागून एक चालू लागल्या. “छान!” म्हणून साहेब निघून गेले.

कोपऱ्यात थांबलेल्या त्यानं तिच्या हाती ऑसिलोस्कोप तपासल्याचा दाखला दिला. “चला. माझंही काम झालं.”

तिनं कागद वाचला. पुन्हा वाचला. “हे सगळे आकडे पहिल्या दिवसाचे आहेत. तिसरं चॅनलसुद्धा बिनचूक होतं!”

तो पेटीचा पट्टा नीट करू लागला. दोघं आपापल्या जागी, अगदी जेवढ्यास तेवढं सभ्य. असं उभं राहून जन्म गेला असता हो!

“मला तुम्ही आवडता,” ती म्हणाली. आवाज कापला, पण थांबली नाही. “फार आवडता. तेव्हा असली खोटी कारणं काढून येत जाऊ नका.”

त्यानं पेटी खाली ठेवली. छत्री भिंतीला टेकवली आणि बाहेर गेला. दार लागलं. तिचा जीव टांगणीला... मेलं, जरा जास्तच बोललो की काय आपण?

दारावर टकटक झाली.

तो आत आला. हातात पेटी नाही, छत्री नाही. “यंत्र तपासायला नाही आलो,” तो म्हणाला, आणि त्याचाही आवाज कापत होता. “तुम्हाला भेटायला आलोय. पहिल्या दिवसापासून तेवढ्यासाठीच येतोय. खोली बरोबर आहे ना?”

“खोलीही,” ती डोळे पुसत हसली, “आणि वेळही.”