नळी धरणारा हात

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण माझ्या वसुधामावशीला खोटं बोलता येत नाही. शेजारणीची बेचव भाजीसुद्धा तिला तोंडदेखलं चांगली म्हणवत नाही.

त्यामुळे हे घडलं, यावर माझा विश्वास आहे.

१४ मार्च १९८६. शुक्रवारची पहाट, साडेचारचा सुमार. मुलुंड पूर्वेला मावशीच्या इमारतीची गच्ची. समोर खाडीपर्यंत मिठागरं. तिकडे एकही दिवा नाही.

मावशीचे यजमान, जयवंतकाका, भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. हॅलेचा धूमकेतू येणार हे पेपरात वाचलं आणि पंचेचाळिशीत हा माणूस आकाशाच्या नादी लागला. प्लंबरकडचा पाइप, चष्मेवाल्याकडची भिंगं, अशी घरीच दुर्बीण केली. डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चला लाल जिलेटिन कागद. वहीत रोज नोंद. स्टँड मात्र लटपटता. एकाने नळी घट्ट धरायची, तेव्हा दुसऱ्याला दिसायचं.

मावशी एकदाच वर गेली होती, नोव्हेंबरात. काकांनी नळी धरली.

"काय दिसता?"

"काळोख."

"सरळ बघू नको गो. जरा बाजूक बघ. पुसट वस्तू डोळ्याच्या कडेनच गावता."

"तुमचो धूमकेतू तुमकाच लखलाभ!"

ती तणतणत खाली निघाली.

"मार्चात मोठो होतलो," काका मागून म्हणाले. "तेव्हा तरी ये."

ती जिना उतरत राहिली.

डिसेंबरात कारखान्यातच काकांच्या छातीत कळ आली. मावशी पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

ते 'लखलाभ' तिच्या जिवाला लागलं. घास उतरेना. मग एक दिवस तिने काकांची वही उघडली आणि पहिल्या पानापासून शिकायला बसली. आधी ध्रुव, मग सप्तर्षी, मग वृश्चिक. चुकत, डोळे पुसत, रोज पहाटे. मार्चात धूमकेतू बघायचा, त्यांच्या नळीतूनच. त्यांनी बोलावलं होतं ना!

त्या पहाटे ती एकटीच वर गेली. आग्नेयेला नळी लावली. पण एका हाताने धरायची आणि बघायचं, हे जमेना. तारे नुसते थरथरत होते.

अर्धा तास झाला. मान अवघडली. शेवटी ती रडायलाच लागली.

"अहो, जमत नाय ओ माका..."

गच्चीवरची टाकी रात्रभर ठिबकायची. टप्. टप्.

आणि मग...

ठिबकणं थांबलं.

मिठागरांकडची कुत्रीही गप्प झाली. वारासुद्धा पडला.

तिने पुन्हा नळीला डोळा लावला. आणि...

तारे स्थिर होते.

नळी जराही हलत नव्हती. मावशीचा हात तर मांडीवर होता.

पण डोळा काढवेना. काकांचं वाक्य आठवलं. तिने नजर किंचित बाजूला नेली...

आणि धूमकेतू दिसला. पिंजलेल्या कापसाचा पुंजका, वर जाणारी पुसट शेपटी.

"अहो, दिसलो तुमचो धूमकेतू!"

तेव्हाच, दुसऱ्या उघड्या डोळ्याच्या अगदी कडेला...

नळीवर एक हात होता. उसवलेल्या बाहीचा राखाडी स्वेटर. तो स्वेटर तिनेच काकांच्या अंगावर चढवून त्यांना शेवटचा निरोप दिला होता.

सरळ बघायचं नाही, हे तिला कळत होतं. बाजूला बघत राहिली असती तर ते थांबले असते, असं ती आजही म्हणते. पण तीन महिने ज्या माणसासाठी जीव तुटला, तो हातभर अंतरावर उभा असताना कोण बाजूला बघत राहील हो?

तिने वळून सरळ बघितलं.

कोणी नव्हतं.

नळी पुन्हा लटपटायला लागली. टाकी ठिबकायला लागली. टप्. टप्.

त्यानंतर दर चौदा मार्चला ती पहाटे गच्चीवर जाते. धूमकेतू कधीच गेला, पण ती नळी लावते आणि मुद्दाम बाजूला बघत बसते. "एकदाच वळलंय रे देवा," म्हणते. "आता नाय वळूचंय."

काका तिला पुन्हा दिसले नाहीत.

१९८९ ला मी तिच्यासोबत गेले. मावशी नळीशी बसली, उजवीकडच्या अंधाराकडे कडेने बघत. मी जरा बाजूला, मागे कठड्याला टेकून समोर मिठागरांकडे बघत होते.

तेवढ्यात...

टाकीचं ठिबकणं थांबलं.

आणि माझ्या डोळ्याच्या कडेला कोणीतरी उभं होतं. मावशीच्या डावीकडे, अगदी पाठीशी. राखाडी स्वेटर. ती ज्या बाजूला बघत होती, तिच्या नेमक्या उलट बाजूला.

मी हललेही नाही. उजाडेपर्यंत समोरच बघत राहिले.

"आजही नाय इले," मावशी नळी आवरताना म्हणाली.

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.

सांगितलं, तर ती वळून बघेल.